ओल्या वाळूत डिटेक्टर खोलवर का बोलत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कराडचे. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा, ११ इंची कॉइलचा (जमिनीवरून फिरवायच्या तबकडीचा) मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, घेतलात. घरामागच्या रानात पाच रुपयांचं नाणं ८ इंचांवरून खणखणीत बोलतं. तोच डिटेक्टर कुंभार्ली घाट उतरून गुहागरला नेला, तर ओल्या वाळूत तेच नाणं ४ इंचांखाली गेलं की गायब, आणि वर यंत्राची अखंड बडबड. सेन्सिटिव्हिटी (यंत्र किती बारीक सिग्नल ऐकेल ते ठरवणारी सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. आता विचारताय, की १५ इंची कॉइल घेतली तर खोली वाढेल का.

कॉइल सध्या घेऊ नका. कारण पुढे ओघात येईलच. मी सांगलीचा, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत उमेदीची वर्षं गेली, आणि हा नाद त्यातूनच लागला. आपल्याकडून समुद्र गाठायचा म्हणजे घाट उतरावा लागतो. त्यामुळे पेट्रोल वसूल व्हावं म्हणून या विषयात जरा जास्तच डोकं घातलंय. तरीही तुमचं यंत्र कुठलं, पुळणीच्या (किनाऱ्यावरच्या वाळूच्या) कुठल्या पट्ट्यात उभे होतात, तिथली वाळू पांढरी की काळपट, यावर बरंच अवलंबून आहे. माझे इंच तुमच्याकडे जसेच्या तसे लागू होतील असं समजू नका.

आधी मूळ अडचण कुठे आहे ते पाहू. खोली कमी झाली असं तुम्ही म्हणता. माझ्या मते नाणं पूर्वीइतकंच बोलतंय, पण त्याच्याभोवतीची वाळू आता त्याच्याहून मोठ्याने बोलायला लागली आहे. हा फरक नीट डोक्यात बसला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

डिटेक्टरचं काम कसं चालतं ते पाहा. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. नाण्यापर्यंत पोचताना ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. त्यामुळे नाण्यात गोल फिरणारे विद्युतप्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र उमटतं, आणि ते कॉइलपर्यंत परत येताना पुन्हा घनाच्याच प्रमाणात क्षीण होतं. जाताना घन, येताना घन, मिळून अंतराचा सहावा घात. ८ इंचांवरचं नाणं ९ इंचांवर गेलं की त्याचा सिग्नल जवळपास निम्मा होतो. ८ चे १६ केलेत तर चौसष्टावा हिस्सा उरतो. कॉइलला अगदी लागून असलेल्या भागात ही घसरण इतकी तीव्र नसते, पण खोलीच्या टोकाला हाच हिशेब चालतो. कुठलंही बटण फिरवून किंवा कुठलीही कॉइल लावून खोली दुप्पट होत नाही, ती याच कारणाने. जो विकणारा दुप्पट म्हणतो त्याला हा सहावा घात समजावून सांगायला सांगा.

आता उलट बाजूने बघा. रानात ज्या नाण्याचा सिग्नल ८ इंचांवरून ऐकू येत होता, तेच नाणं ४-५ इंचांवर आल्यावर कितीतरी पट जोरात बोलत असणार. तरीही ते हरवतं. म्हणजे सिग्नल भरपूर आहे आणि गोंगाट त्याहून भरपूर आहे. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी वाढवणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून लाऊडस्पीकर मोठा करणं. बँडही मोठा होतो.

हा गोंगाट येतो कुठून? कोकणच्या किनाऱ्यावर त्याची दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध वागतात. पहिलं कारण लोहखनिज. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. खडक झिजला की त्याचे जड काळे कण नद्यांवाटे समुद्रात आणि लाटांबरोबर परत पुळणीवर येतात. रत्नागिरीच्या आसपास, काळबादेवी-मिऱ्याच्या बाजूला, इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचे साठे भूवैज्ञानिकांनी नोंदवलेले आहेत. इल्मेनाइट स्वतः चुंबकाला फारसं दाद देत नाही. डिटेक्टरला खरा त्रास होतो तो सोबतच्या मॅग्नेटाइटचा. दुसरं कारण मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे त्याने भिजलेली वाळू डिटेक्टरला धातूच्या एखाद्या अजस्र पातळ पत्र्यासारखी दिसते.

यातली मेख अशी. लोहखनिजाचा प्रतिसाद कॉइलच्या क्षेत्राबरोबर, त्याच तालात येतो. खारट ओलीचा प्रतिसाद जवळपास पाव आवर्तन मागून येतो. आणि ग्राउंड बॅलन्स म्हणजे काय, तर एका विशिष्ट तालात येणारा प्रतिसाद वजा करायची सोय. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला असा एकच ताल वजा करता येतो. लोहखनिज गप्प करायला गेलात तर मीठ बोलतं, मीठ गप्प केलंत तर काळी वाळू बोलायला लागते. घरामागच्या रानात फक्त पहिली अडचण होती, म्हणून यंत्र शहाण्यासारखं वागत होतं. गुहागरला दोन्ही एकदम समोर आल्या. त्यात आणखी एक वाईट बातमी. सोन्याची बारीक साखळी किंवा नाजूक कुडी जो प्रतिसाद देते, तो खारट ओलीच्या प्रतिसादाच्या अगदी जवळचा असतो. मीठ पूर्ण पुसून टाकलंत की त्याबरोबर साखळीही पुसली जाते.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारी यंत्रं इथे वरचढ ठरतात. फ्रिक्वेन्सी वाढली की मिठाचा प्रतिसाद वाढतो, मॅग्नेटाइटचा तसा वाढत नाही. दोन-तीन फ्रिक्वेन्सींचे प्रतिसाद ताडून पाहिले की दोन्ही गोंगाट वेगळे काढता येतात. पल्स इंडक्शन जातीचं यंत्र तर क्षेत्र बंद करून थोडं थांबतं आणि मग ऐकतं, तोवर मिठाचा आवाज विरून गेलेला असतो. खोली सर्वांत जास्त तिथेच मिळते. पण त्याला लोखंड आणि सोनं यातला फरक धडपणे कळत नाही, म्हणून प्रत्येक खिळा उकरावा लागतो. मासेमारीच्या होड्या ओढतात अशा पुळणीवर तो खेळ नको रे बाबा.

पण यंत्र बदलायच्या आधी आहे त्या यंत्राचं ऐकायला शिका. आणि ते शिकायला दर वेळी गुहागर गाठायची गरज नाही. माझ्या उत्तरातला तुमच्या सर्वांत उपयोगाचा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला धडा कृष्णाकाठी. नदीच्या कोरड्या वाळूत काळे कण भरपूर असतात आणि मीठ जवळपास नसतं. एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवा, पिशवीला काळे केस चिकटल्यासारखं दिसेल. ते मॅग्नेटाइट. आता धातू नसलेली जागा बघून ग्राउंड बॅलन्स करा. कॉइल जमिनीपासून इंचभरावरून सात-आठ इंचांपर्यंत सावकाश वर-खाली करायची, आवाज स्थिर होईपर्यंत. बहुतेक यंत्रांत इथे ग्राउंड बॅलन्सचा आकडा वरच्या टोकाकडे जातो. तो लिहून ठेवा.

दुसरा धडा क्षारपड रानात. वाळवा, मिरज, पलूस या भागांत उसाला बेसुमार पाणी पाजून आणि निचरा न झाल्यामुळे खराब झालेली रानं तुम्ही पाहिली असतील. उन्हाळ्यात वर पांढरी खरवड येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी आपत्ती आहे, पण डिटेक्टर शिकणाऱ्याला इतकी अचूक शाळा घाटावर दुसरीकडे नाही. काळी माती म्हणजे बेसाल्टचं मॅग्नेटाइट आलं, त्यात क्षार आले, आणि हलक्या पावसाने किंवा पाटाच्या पाण्याने ओल आली की ओल्या पुळणीसारखीच परिस्थिती तयार. असल्या रानात, अर्थातच मालकाला विचारून, ओल असताना यंत्र चालू करा. तीच बडबड ऐकू येईल जी गुहागरला ऐकलीत. आता ग्राउंड बॅलन्स परत करा आणि कोरड्या वाळूतल्या आकड्याशी ताडून पाहा. मिठाचं प्रमाण जितकं जास्त तितका तो खालच्या टोकाकडे सरकतो. हा सरकलेला आकडा म्हणजे तुमचं यंत्र मिठाला कसं तोंड देतंय त्याचा पुरावा.

मग सेन्सिटिव्हिटी एक-एक घर खाली आणा. प्रत्येक घराला दहा-बारा वेळा कॉइल फिरवून ऐका. एक जागा अशी येते, की तिथे बडबड एकदम ओसरते आणि अधूनमधून एखादा चुकार आवाज तेवढा उरतो. तिथेच थांबा. पुरतं निःशब्द होईपर्यंत खाली नेलंत तर मात्र खरी खोली घालवाल. आता ५ इंचांवर नाणं पुरा आणि सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवून एकदा, या जागी ठेवून एकदा, असं तपासून पाहा. कमी सेन्सिटिव्हिटीवर जास्त खोली मिळते हे कुणी सांगितलं तर पटत नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलं की कायमचं पटतं.

क्षारपड रान जवळ नसेल तर प्लॅस्टिकचं मोठं टब घ्या. लोखंडी घमेलं अजिबात नको. त्यात नदीची वाळू भरा, १० लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवून ओता. टब प्लॅस्टिकच्या स्टुलावर अंगणात ठेवा. गच्चीवर किंवा पडवीत ठेवाल तर स्लॅबमधल्या सळ्याच बोलतील. टबातली वाळू ती केवढी, समुद्र केवढा, त्यामुळे प्रत्यक्षातला गोंगाट याच्या कितीतरी वर असतो. पण मिठाचा आवाज ओळखायला एवढं पुरतं. हे पाणी नंतर परसात ओतू नका, झाडं जळतील.

नाण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुष्कळ जण चुकीच्या नाण्यावर खोली मोजतात. आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. डिटेक्टरला ती लोखंडाच्या गोतावळ्यातली वाटतात, आणि डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सोय) चालू असेल तर कित्येकदा यंत्र ती गिळून टाकतं. तुमचं पाच रुपयांचं नाणं पिवळं असेल, म्हणजे निकेल-पितळेचं, तर चाचणीला चांगलं. मधल्या काळात पाचाची स्टीलची पातळ नाणीही आली होती, म्हणून आधी चुंबक लावून खात्री करा. माझा सल्ला विचाराल तर नाण्यापेक्षा घरातली अंगठीच घ्या. विटा-खानापूरकडचे पाहुणे असतील तर त्यांच्यात कुणी ना कुणी गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात असतोच, सोन्याच्या शुद्धतेबद्दल त्याला विचारा. आपल्याकडचं दागिन्याचं सोनं बहुधा २२ कॅरेटचं. परदेशी व्हिडिओंमध्ये दाखवतात त्या १० किंवा १४ कॅरेटच्या अंगठ्यांपेक्षा ते वीज बरंच चांगलं वाहून नेतं. त्यामुळे त्या व्हिडिओतले पडद्यावरचे आकडे (यंत्र धातू ओळखून दाखवतं ते) पाठ करून पुळणीवर गेलात तर आपलं सोनं वेगळ्याच आकड्यावर बोलेल आणि तुम्ही ते सोडून पुढे जाल.

दागिन्याचा आकारही वजनाइतकाच महत्त्वाचा. अंगठी म्हणजे बंद कडं. तिच्यात प्रवाह पूर्ण गोल फिरतो, म्हणून ती वजनाच्या मानाने मोठ्याने बोलते. जोडवी बऱ्याचदा मागे चिरलेली, मापाला सैल-घट्ट करता येणारी असतात. ते कडं तुटलेलं, म्हणून चांदीची असूनही त्यांचा आवाज पडका. साखळीत तर यंत्राला एकेक कडी सुटी दिसते, सगळी साखळी मिळून एक वस्तू म्हणून दिसतच नाही. तोळ्याची साखळी ३ इंचांवरून निसटते आणि दोन ग्रॅमची अंगठी ७ इंचांवरून सापडते, ते यामुळे. मंगळसूत्र हरवलंय म्हणून कुणी बोलावलं तर मी मण्यांच्या सराच्या नव्हे, वाट्यांच्या आवाजासाठी कान लावतो.

आता प्रत्यक्ष पुळणीवर. तिथे सगळ्यात स्वस्तात मिळणारी खोली कॉइल जमिनीला लागून ठेवण्यात आहे. दोन इंच वर धरलीत की दोन इंच गेले, त्यात कुठलंही शास्त्र नाही. बहुतेक जण मधे खाली आणि दोन्ही टोकांना वर अशी कॉइल फिरवतात, आणि टोकाच्या भागात त्यांचा डिटेक्टर हवाच तपासत असतो. कुणाला तरी बाजूने मोबाईलवर चित्रण करायला सांगा, लगेच दिसेल. चित्रण झालं की तो मोबाईल गाडीत ठेवा. खिशातला फोन, मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, दोन्ही गोंगाटात भर घालतात. कॉइलची वायर दांडीला घट्ट गुंडाळलेली हवी. कॉइलच्या कव्हरमध्ये ओली वाळू साचली असेल तर कव्हर काढून धुवा, नाहीतर मीठ सतत कॉइलला चिकटून बसलेलं असतं. कान झाकणारा हेडफोन लावा. लाटांच्या आवाजात स्पीकरवरून बारीक सिग्नल ऐकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चालायची दिशा हा मुद्दा लोक सोडून देतात. पाण्याच्या कडेकडेने चालत कॉइल डावी-उजवी फिरवलीत, तर प्रत्येक फेऱ्यात ती ओल्याकडून कोरड्याकडे आणि परत ओल्याकडे जाते. मिठाचं प्रमाण दर फेऱ्याला बदलतं आणि यंत्र ते धातू समजून ओरडतं. त्याऐवजी पाण्याकडून वर आणि वरून पाण्याकडे असे उभे पट्टे मारा. कॉइल मग पाण्याच्या रेषेला समांतर फिरते, एका फेऱ्यात ओल सगळीकडे सारखी राहते आणि निम्मी बडबड तिथेच मिटते. चार-पाच पावलांवर ओल बदलली की ग्राउंड बॅलन्स पुन्हा करायचा. कोरड्या वाळूतली सेटिंग ओल्यात आणि ओल्यातली पाण्यात चालत नाही. लाट कॉइलवरून वाहत असेल तेव्हा हात थांबवा, ती ओसरली की पुढे. तुमच्या यंत्रात फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर ओल्यात खालची निवडा. मीठ गप्प राहील. बारीक सोनं त्यात थोडं कमी बोलेल, पण सगळंच ऐकू न येण्यापेक्षा ते बरं.

डिस्क्रिमिनेशन शक्य तितकं कमी ठेवा. खोल गेलेल्या चांगल्या वस्तूचा सिग्नल काळ्या वाळूत विस्कटतो आणि यंत्र त्याला लोखंड ठरवून मोकळं होतं. गुटख्याच्या पुड्यांचा चकचकीत कागद, बाटल्यांची बुचं, कॅनच्या कड्या, कोळ्यांच्या जाळ्यातलं शिसं, हे सगळं उकरावं लागेल. शिसं निघालं की मी वैतागत नाही. शिसं जिथे थांबतं तिथे सोनंही थांबायची शक्यता असते, दोन्ही जड.

बारीक, येतो-न-येतो असा आवाज आला तर आकड्याकडे बघू नका. खोऱ्याने किंवा पायाने वरची ३ इंच वाळू खरवडून बाजूला सारा आणि पुन्हा कॉइल फिरवा. वस्तू ८ इंचांवर असेल तर आता ती ५ इंचांवर आली. सहाव्या घाताच्या हिशेबाने सिग्नल सोळा-सतरा पटीच्या घरात वाढतो. आवाज ठसठशीत झाला तर खाली खरंच काहीतरी आहे. आवाज पसरला, सरकला किंवा गेला तर ते मीठ किंवा काळी वाळू होती. मला कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त खोली या खरवडण्याने दिली आहे. १५ इंची कॉइलचे पैसे वाचतात ते इथे. मोठी कॉइल एका वेळी जास्त जमीन बघते, म्हणजे ओल्या वाळूत मीठही जास्त बघते. गोंगाट सिग्नलच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त वाढतो. शिवाय पाण्यात ती ओढून हात भरून येतो. वरच्या कोरड्या वाळूत, जिथे मीठ जवळजवळ गप्प असतं, तिथे ती कामाची आहे हे खरं. तुमचा प्रश्न कोरड्या वाळूचा नव्हता.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा चाचणी तिथेच घ्या. पिवळ्या नाण्याला छोटं भोक पाडण्यापेक्षा ते नायलॉनच्या दोरीला चिकटपट्टीने घट्ट बांधा, ४, ६ आणि ८ इंचांवर पुरून वाळू पायाने दाबा, एखादी लाट वरून जाऊ द्या आणि मग ऐका. साध्या एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर ओल्या वाळूत ५-६ इंच मिळाले तर ते यंत्र चांगलं लावलं आहे असं मी समजतो. चांगलं बहुफ्रिक्वेन्सी यंत्र त्याच जागी ८ ते १० पर्यंत जातं. दोरी असल्यामुळे नाणं परत मिळतं, हा फायदा वेगळाच.

इथवर यंत्राबद्दल झालं. पण वस्तू खोल असेल तर यंत्र खोल पाठवण्यापेक्षा वरची वाळू ज्या दिवशी कमी असते त्या दिवशी जाणं सोपं. ही अक्कल यंत्राच्या पुस्तकात नसते, कोळ्यांकडे असते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उंच लाटा पुळणीची वाळू ओढून आत समुद्रात नेतात. पुळण खाली बसते, कुठे खालची चिकणमाती किंवा जांभ्याचा थर उघडा पडतो. ऑक्टोबरपासून शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, आणि मे महिन्यात पुळण पुन्हा जाडजूड होते. एप्रिलमध्ये तीन फुटांखाली असलेली जुनी अंगठी सप्टेंबरअखेर कदाचित वितीवर असेल. म्हणून जुन्या वस्तू शोधायच्या असतील तर पाऊस ओसरला की लगेच जा. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याच्या सुट्टीत नुकतं पडलेलं शोधायचं असेल तर गोष्ट वेगळी. ते वरच असतं, आणि तिथे खोलीपेक्षा गर्दीच्या जागा माहीत असणं महत्त्वाचं.

दुसरी वेळ ओहोटीची. भरतीची वेळ काढायला कोकणात तिथीची पाऊणपट करतात. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती आणि सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. ठिकाण बदललं की वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून टाइड टेबल पाहून पक्की करा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, पाणी सर्वांत लांब मागे जातं, आणि आपल्या भागात ती मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळी येते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी हलतच नाही म्हणा ना. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पुळणीवर उतरा आणि मागे जाणाऱ्या पाण्याबरोबर खाली खाली जा. पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. समुद्राला पाठ करून, कानांवर हेडफोन चढवून गुडघाभर पाण्यात एकट्याने उभं राहू नका. बरोबरच्या माणसाला काठावर थांबवा.

आणि काळी रेघ. लाटा जड कण एका ओळीत आणून टाकतात, पांढऱ्या वाळूत तो काळा पट्टा लांबून दिसतो. नवशिके बडबडीला कंटाळून तो टाळतात. पण ज्या लाटेने मॅग्नेटाइट तिथे आणून टाकलं तिनेच नाणी, शिसं आणि अंगठ्याही तिथे टाकलेल्या असू शकतात. मी सेन्सिटिव्हिटी आणखी एक-दोन घरं खाली आणतो, कॉइल निम्म्या वेगाने फिरवतो आणि तोच पट्टा आधी तपासतो. वादळी लाटांनी वाळूत पायरीसारखी कड कापली असेल तर तिच्या पायथ्याचंही तसंच.

उकरण्याबद्दल दोन गोष्टी. गुहागर, आंजर्ले, वेळास अशा पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत फूट-दीड फूट खाली असतं आणि पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. नोव्हेंबर ते मे त्या पट्ट्यात खोरं लावू नका. वन्यजीव कायद्याने ही कासवं संरक्षित आहेत, आणि कायदा नसता तरी लावू नका. जे खड्डे कराल ते बुजवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. हातात डिटेक्टर दिसला की आपल्या सातारा-सांगलीकडे पहिला प्रश्न येतो, “गुप्तधन सापडतं का?” कुणी अजिंक्यताऱ्यावर नेऊ पाहतो, कुणी आजोळच्या वाड्यात. स्पष्ट नाही म्हणा. किल्ले आणि संरक्षित जागी यंत्र नेऊन उकरणं गुन्हा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. आणि वीस-तीस फुटांवरून फक्त सोनंच दाखवणारे अँटेनावाले ‘लाँग रेंज’ यंत्र विकणारे भेटतील, त्यांना वरचा सहावा घात ऐकवून वाटेला लावा. पुळणीवर पर्यटकाची ओळखू येणारी अंगठी किंवा मंगळसूत्र सापडलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. मालक बहुधा तिथे तक्रार देऊन गेलेला असतो.

राहिला पैशांचा प्रश्न. आत्ता खर्च करायचाच तर भोकं असलेला चांगला स्टीलचा वाळूचा झारा घ्या, त्याने पाण्यातही उकरता येतं, आणि एक पाण्यात चालणारा पिनपॉइंटर (खड्ड्यातली वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर). पाऊस संपेपर्यंत क्षारपड रानात आणि टबावर हात बसवा. सप्टेंबरअखेरच्या एखाद्या उधाणाच्या ओहोटीला गुहागरला जाऊन दोरीच्या नाण्याची चाचणी घ्या. तिथे ५ इंच मिळाले तर हे यंत्र वापरत राहा. एवढं सगळं करूनही ४ च्या पुढे जात नसेल आणि तुम्हाला किनाराच धुंडाळायचा असेल, तर कॉइलवर पैसे न घालता बहुफ्रिक्वेन्सी यंत्रासाठी साठवा. मॉडेल आणि ओल्या वाळूतला ग्राउंड बॅलन्सचा आकडा कळवलात तर तुमच्या यंत्रापुरतं आणखी नेमकं सांगता येईल.